पहिली आठ पानं

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

बाबा गेले त्याला आज पाच दिवस झाले. संक्रांत आहे, पण सुतकात तिळगूळ नाही. ऑफिस नाही, दाढी नाही, टीव्ही नाही. भेटायला लोक येतात, "कसं झालं हो?" विचारतात आणि मी तेच सांगतो. गुरुवारी सकाळी चहा पिता पिता मान टाकली, वय शहात्तर, दुखणं काहीच नव्हतं. हे आता इतकं पाठ झालंय की सांगताना डोळे भरून येत नाहीत. समोरच्याचे येतात, माझे नाही. लाज वाटते.

ही डायरी माझ्या कंपनीची. गेली दोन-तीन वर्षं डिसेंबर आला की बाबा विचारायचे, "नितेश, औंदा डायरी गावली काय रे?" मी आणून द्यायचो. विमा कंपनीच्या डायरीचं हा माणूस करतो काय, हे मी कधी विचारलं नाही. आज त्यांची गादी उचलताना ती उशीखाली सापडली. पहिली आठ पानं भरलेली आहेत. अक्षरं नाहीत, नुसते आकडे. '४७१२ – ५.३५', पुढे बरोबरची खूण. त्याखाली '३३०८ – ५.४०', पुन्हा खूण. अशा रोजच्या बारा-चौदा ओळी. पहिल्या ओळीत जवळजवळ रोज ४७१२च, आणि त्याखाली रेघ मारलेली.

खरं लिहायचं तर माझ्या मनात पहिला शब्द आला तो मटका.

बायकोला, श्वेताला दाखवलं. ती म्हणाली, "वेडा आहेस का तू? बाबा आणि मटका?" पण मग हे काय, ते तिलाही सांगता येईना. पाहुण्यांच्या हाती लागू नये म्हणून डायरी कपाटात ठेवली होती. दुपारी पुन्हा काढली. उरलेली पानं कोरीच आहेत, म्हणून लिहितोय.

बुधवार, १५ जानेवारी

सकाळी दूध आणायला खाली उतरलो आणि नाक्यावर जागीच थांबलो. रिक्षा स्टँडच्या खांबाला हा भलामोठा फ्लेक्स बांधलेला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'आमचे लवूआजोबा', त्याखाली 'शोकाकुल: समस्त रिक्षाचालक व प्रवासी'. मागे मावळता सूर्य, कोपऱ्यात समई. आणि मध्ये बाबा, पांढऱ्या शर्टात, तोंडभर हसताना. त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, नुसता मनगटापर्यंतचा, घड्याळासकट. फोटो नीट कापायची तसदीही कुणी घेतली नाही. कुणाचा हात, कुठला फोटो, देव जाणे. तळाला लिहिलंय, 'श्री. नितेश लवू परब (मॅनेजर) यांचे वडील'. मी असिस्टंट मॅनेजर आहे. ते बाबांनीच सांगितलेलं असणार.

उद्या माझे साहेब वांद्र्याच्या ऑफिसातून भेटायला येणार आहेत. गाडी याच नाक्यावरून वळते.

घरी आलो, पालिकेच्या तक्रारीच्या ॲपवर फोटो टाकला आणि लिहिलं, 'अनधिकृत फलक, पादचाऱ्यांना अडथळा'. अनधिकृत तो होताच. खोटं काही लिहिलेलं नाही, असं दिवसभर स्वतःला सांगतोय.

गुरुवार, १६ जानेवारी

साहेब अकराला आले. फलक दहालाच गेला होता. साहेब म्हणाले, "वडील काय करायचे?" मी म्हणालो, "रिटायर्ड होते." ते पुढे काही विचारणार नाहीत एवढं माझ्या आवाजाने केलं असावं.

दुपारी मीरा शाळेतून आली ती दारातूनच ओरडत. "पप्पा, आजोबांचा बॅनर कुठे गेला?"

"कुठला बॅनर?"

"नाक्यावरचा! कोणीतरी कंप्लेंट केली म्हणे. आपल्याच बिल्डिंगमधल्या कोणीतरी. असं कोण करतं यार? कोणाचं काय जात होतं?"

मी म्हणालो, "मला काय माहीत?" पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर बघून म्हणालो.

हे लिहायला घेतलंच आहे तर मागचंही लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी एका संध्याकाळी लवकर घरी येत होतो. गाडीत ऑफिसमधले दोघे होते. नाक्यावर बाबा उभे, गळ्यात शिट्टी, हात वर करून ओरडतायत, "स्टेशन! स्टेशन एक सीट!" शेअर रिक्षाची लाइन लावत होते. माझी गाडी त्यांनी ओळखली आणि हात केला. मी काच वर घेतली. शेजारचा म्हणाला, "तुला हात करतायत का रे ते?" मी म्हणालो, "नाही, मागच्या रिक्षाला."

घरी आल्यावर त्यांना सुनावलं. म्हटलं, शोभत नाही. लोक काय म्हणतील, मुलगा जेवायला घालत नाही? ते "बरां" म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जायला लागले, रोज पाच ते आठ. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना चालायचे बूट घेऊन दिले.

शनिवार, १८ जानेवारी

दहावा. डोकं भादरलं. आरशात बघितलं तर मी हुबेहूब बाबांसारखा दिसतो. आजवर केसांमुळे कळलं नव्हतं.

घाटावर बसल्या बसल्या शाळेची आठवण आली. तेव्हा आम्ही घाटकोपरला, भटवाडीत राहायचो. गिरणी बंद पडलेली, आणि बाबा भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन. मला शाळेत सोडून तसेच ड्युटीला जायचे, म्हणून अंगावर खाकी. पाचवीत मला पोरांनी त्यावरून चिडवलं. मी बाबांना सांगितलं, तुम्ही माझ्याबरोबर येऊ नका. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू फुडे हो, मी मागसून येतंय. पोचलंस की गेटातसून हात वर कर, मगे मी जातंय." त्या दिवसापासून पाच वर्षं ते माझ्या दहा पावलं मागे चालले. हात मी कधी वर करायचो, कधी मुद्दाम करायचो नाही. एकदा शाळेचा शिपाई म्हणाला, "तुझे वडील घंटा होईपर्यंत समोरच्या फुटपाथवर का उभे असतात रे?" मी म्हणालो, ते माझे वडील नाहीत.

हे मी श्वेतालाही कधी सांगितलेलं नाही.

सोमवार, २० जानेवारी

आज संताप झालाय. उद्या तेरावं, म्हणून कट्ट्यावरच्या मंडळींना बोलवायला बागेत गेलो. सात-आठ म्हातारे होते. म्हटलं, मी लवू परबांचा मुलगा. एकमेकांकडे बघायला लागले. कोण परब? मी वर्णन केलं, उंची सांगितली, मालवणी बोलायचे म्हटलं. त्यातले एक, बहुतेक सेक्रेटरी असावेत, वही काढून म्हणाले, "या नावाचे सभासद कधीच नव्हते आपल्याकडे."

दोन वर्षं हा माणूस रोज पाच ते आठ कुठे होता? उशीखाली आकड्यांची डायरी. आता मटक्याबद्दल शंका उरली नाही. मेलेल्या बापावर चिडून मी बागेतून घरी आलो. बूट कोपऱ्यात तसेच आहेत. त्यांच्याकडेही बघवेना.

मंगळवार, २१ जानेवारी

आजचा दिवस कसा लिहू? क्रमाने लिहितो.

जेवणं चालू असताना बेल वाजली. दारात अकरा रिक्षावाले, सगळे खाकीत, आणि नाक्यावर भाजी विकणाऱ्या शेवंतीबाई. चपला त्यांनी जिन्यातच काढल्या होत्या. खुर्च्या दिल्या तरी बसले नाहीत, फोटोला फूल वाहून भिंतीला लागून उभे राहिले. श्वेताने आग्रह केला तेव्हा कुठे जेवले. त्यांचा म्होरक्या बाळा, पन्नाशीचा, कणकवलीकडचा. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, एक काम होतं. आजोबांचा बॅनर कुणीतरी तक्रार करून काढायला लावला. नाव सांगत नाहीत ते लोक. जाऊ दे, नाव कळून काय करायचंय? पण सव्वीस जानेवारीला स्टँडवर झेंडा आणि सत्यनारायण असतो आमचा, त्या दिवशी आजोबांचा फोटो लावायचाय. रीतसर परवानगीचा अर्ज तुम्ही लिहून द्याल? आमचं लिहिणं तसं बरं नाही."

मी लिहून दिला. स्वच्छ अक्षरात, मुद्देसूद, 'कै. लवू परब यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ' वगैरे. बाळाने दोनदा आभार मानले.

ते गेल्यावर मीराला विचारलं, "हे लोक आजोबांना एवढं कसं ओळखतात?" मग मी कपाटातून डायरी काढली आणि म्हटलं, "आणि हे आकडे कसले, ते तुला माहीत आहे?"

तिने पान बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसली. रडत रडत सांगितलं. ते रिक्षांचे नंबर आहेत. मीराचा क्लास स्टेशनजवळ. आठवीत ती एकटी शेअर रिक्षाने जायला लागली, तेव्हापासून ती कुठल्या रिक्षात बसली ते आजोबा लिहून घ्यायचे. रिक्षावाला तिला क्लासच्या दारात सोडायचा आणि परत आला की सांगायचा, "आजोबा, पोचली." मग खूण करायची. पुढे तिच्या मैत्रिणीही, सई वगैरे, मग खालच्या वर्गातल्या मुली, मग त्यांच्या आयाच येऊन सांगायला लागल्या, आमचीपण लिहा हो. चौदा मुली होत्या. साडेसातला क्लास सुटला की शेवटची मुलगी नाक्यावर उतरेपर्यंत ते घरी यायचे नाहीत. रेघ मारलेली पहिली ओळ मीराची. ४७१२ ही बाळाची रिक्षा.

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"आजोबा म्हणाले, पप्पांना सांगू नको. त्यांना शोभत नाही."

मग तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटलं होतं हे?"

मी सांगितलं नाही. तेवढीसुद्धा हिंमत झाली नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

ऑफिसला गेलो, पण काम झालं नाही. लोकांच्या क्लेमची कागदपत्रं तपासायची, खरं-खोटं ठरवायचं, हे माझं काम. वीस वर्षं करतोय. घरातल्या माणसाचा एक कागद धड वाचता आला नाही.

पाचला निघालो आणि स्टँडवर गेलो. बाळाला सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, "बरं झालं आलात, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." आणि रिक्षाच्या मागच्या सीटखालून घडी केलेला फ्लेक्स काढला. पालिकेची गाडी आली तेव्हा त्याने हातापाया पडून तो मागून घेतला होता. "आजोबांचं तोंड कचऱ्याच्या गाडीत टाकवेना, साहेब."

आम्ही दोघांनी तो रिक्षाच्या टपावर पसरला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "हा हात तेवढा कापायला हवा होता."

बाळा म्हणाला, "कंप्युटरवाला कापत होता. मीच नको म्हटलं. फोटो आजोबांनी स्वतः देऊन ठेवलेला, दिवाळीत. म्हणाले, 'बाळा, माझो फोटो लागलो तर ह्यो लाव. पण हात कापू नको. माझ्या झिलाचो हात आसा तो.'"

मी फोटोतल्या घड्याळाकडे बघितलं. पट्ट्याची एक कडी तुटलेली, तिथे मी तार घातली होती. माझंच घड्याळ. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं.

घरी येऊन जुना अल्बम काढला. तोच फोटो आहे, मीराच्या बारशातला. आणि मला तो क्षण पक्का आठवतो. मी लांब उभा होतो. फोटोग्राफर वैतागून म्हणाला, "अहो साहेब, वडील आहेत ना तुमचे? खांद्यावर हात तरी ठेवा." म्हणून ठेवला. फ्लॅश पडला आणि काढून घेतला. बाबा हसतायत ते त्यामुळे.

पुढची-मागची सगळी पानं चाळली. माझा हात त्यांच्या अंगावर असलेला दुसरा फोटो नाही.

बाळाला काही न सांगताच आलो.

शनिवार, २५ जानेवारी

उद्या मला दोन शब्द बोलायचे आहेत. परवानगी मिळाली, माझ्या अर्जामुळे. भाषण तयार केलं आहे. 'कष्टाळू, निगर्वी, कुटुंबवत्सल.' श्वेताने वाचलं आणि म्हणाली, "कोणाबद्दल आहे हे?" तिला चिडून म्हटलं, असंच असतं. पण हे कुणाबद्दलही असू शकतं हे मलाही दिसतंय.

तिला मी आज तक्रारीचं सांगितलं. तिने चिरायला घेतलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "मीराला तू सांग. मी सांगणार नाही आणि लपवणारही नाही."

रविवार, २६ जानेवारी

झेंडा आठला झाला. मग पूजा. स्टँडवर मंडप, रिक्षांना हार, शिऱ्याचा वास. बॅनर बाळाच्या रिक्षाला मागून बांधला होता, चार घड्या पडलेल्या. बाबांच्या तोंडावरून एक घडी गेली होती, माझ्या हातावरून एक. क्लासच्या मुली आणि त्यांच्या आया मिळून पन्नास माणसं तरी असतील. आमच्या बिल्डिंगमधलीही होती.

मी भाषण वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीरा वाजवत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

नंतर बाळा बोलायला उभा राहिला. त्याला भाषण जमत नाही. म्हणाला, "आजोबा रोज यायचे. ताप असला तरी यायचे. ज्याने कुणी बॅनरची तक्रार केली, त्याच्यावर आमचा राग नाही. तो माणूस आजोबांना ओळखतच नसणार."

मी उभाच होतो. माझ्या तोंडून निघालं, "ओळखत नव्हता." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मीच तो. तक्रार मी केली."

पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही. साहेब येणार होते हे बोललो. काच वर घेतली तेही बोललो. शाळेच्या गेटचं, दहा पावलांचं बोललो. मटक्याचं बोललो तेव्हा मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. माफी मागितली की नाही, तेही आठवत नाही. मागितली असावी.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवंतीबाई पदर तोंडाला लावून बसल्या. बाळाने बॅनरची दोरी सोडली, घडी केली, सीटखाली ठेवली आणि एक सीट घेऊन स्टेशनला निघून गेला. पूजेच्या दिवशी तो धंदा करत नाही, असं मागाहून कळलं.

मीरा घरी आली ती सरळ खोलीत. मी दाराशी गेलो. ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, पप्पा. मी विचारलं होतं आणि तुम्ही म्हणालात, मला काय माहीत."

एवढंच म्हणाली.

सोमवार, २७ जानेवारी

साहेबांना सांगितलं की आजपासून मला साडेतीनला निघावं लागेल, सकाळी लवकर येईन. ते म्हणाले, "काही खास?" म्हटलं, "वडील नाक्यावर रिक्षाची लाइन लावायचे. ते काम आहे." ते हसले. मला वाटलं होतं तितकं लागलं नाही.

सव्वापाचला डायरी घेऊन स्टँडवर जाऊन उभा राहिलो. भादरलेलं डोकं, हातात डायरी. रिक्षावाले माझ्या पलीकडे बघत होते. दहा मिनिटं तशीच गेली. परत जावं असं दोनदा वाटलं. मग शेवंतीबाई उठल्या, त्यांच्या छत्रीच्या काडीला अडकवलेली शिट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली. बाबांची शिट्टी. मी गळ्यात घातली. वाजवायचा धीर झाला नाही.

साडेपाचच्या पुढे मीरा आली, पाठीवर दप्तर. मी आहे हे तिने बघितलं. तोंड फिरवून बाळाच्या रिक्षात जाऊन बसली. अजून दोन सीट भरल्या. बाळाने रिक्षा सुरू केली, मग बंद केली, आणि समोर बघतच म्हणाला, "नंबर लिहायचा असतो."

मी लिहिला. उभ्या उभ्या, डायरी तळहातावर धरून लिहिला, त्यामुळे बाबांच्या आकड्यांसारखाच आला.

रिक्षा गेली. मीराने मागे वळून बघितलं नाही. मी वळणापर्यंत बघत राहिलो, आणि वळणानंतरही. पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी काय केलं? इतर मुलींचे नंबर लिहिले, वेळ लिहिली, पण लक्ष सगळं त्या पहिल्या ओळीत. आता सिग्नलला असेल. आता पुलाखाली. माझा बाप पाच वर्षं रोज सकाळी शाळेसमोरच्या फुटपाथवर या अशाच काळजीत उभा होता, आणि मला फक्त एक हात वर करायचा होता.

बाळा परत आला. लाइनच्या शेवटी रिक्षा लावली, उतरला, शेवंतीबाईंच्या माठातून पाणी प्यायला. मग माझ्या शेजारून जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाला,

"पोचली."

४७१२ – ५.३५ ✓